पावसाळ्यात छोटी बेडरूम कुबट का होते: काय आणि कोणत्या क्रमाने तपासावं

रत्नागिरी-सिंधुदुर्ग पट्ट्यात मी घरातल्या फर्निचरची आणि रंगाची कामं करतो. श्रावण लागला की एकाच तक्रारीचे फोन सुरू होतात. बेडरूम दहा बाय दहा किंवा त्याहूनही लहान, मे महिन्यात हौसेनं सजवलेली. जुलै सरता सरता तिथं कुबट वास येतो, कपाटामागे काळे ठिपके दिसतात, पलंगाच्या डब्यातल्या गोधड्यांवर बुरा चढतो. घरचे लोक पुसून घेतात, उघडीप मिळाली की ऊन दाखवतात, दिवाळीला रंगाचा हात मारतात. पुढच्या पावसात त्याच जागी तेच डाग.

खोली लहान असली की जागा वाचवायचे ठरलेले उपाय सांगितले जातात: कपाट भिंतीला चिकटवा, ते छतापर्यंत न्या, पलंगाखाली डबा करा, भिंतीला पॅनेल लावा. कोरड्या हवेच्या गावात हे चालून जातं. आपल्याकडे यातला प्रत्येक उपाय हवेची एकेक वाट बंद करतो. चार महिने हवेतच पाणी असताना वाटा बंद झाल्या की ते पाणी भिंतीत, प्लायमध्ये आणि गादीत जाऊन बसतं. म्हणून मी गिऱ्हाइकाला सुरुवातीलाच सांगतो की या खोलीतली सगळ्यात मोलाची जागा म्हणजे कपाट आणि भिंत यांच्यामधली रिकामी फट. ती वाया गेली असं समजू नका.

लक्षणं

- सकाळी दार उघडल्यावर कुबट वास येतो आणि पंखा लावल्यावर तासाभरात जातो.
- कपाटाच्या मागे किंवा खोलीच्या कोपऱ्यात काळे-हिरवट ठिपके दिसतात, पण मोकळी भिंत स्वच्छ असते.
- जमिनीपासून दोन-तीन फुटांपर्यंत रंगाला फुगे येतात, पापुद्रे सुटतात, पांढरी पूड पडते.
- खिडकीखाली किंवा खिडकीच्या कोपऱ्यातून तिरपा ओला डाग उतरतो.
- कपाटाची दारं अडकतात, ड्रॉवर घट्ट होतात, मायक्याच्या कडा उचलतात.
- बिजागऱ्या, स्क्रू आणि हँडल गंजतात, आरशाच्या कडा काळ्या पडतात.
- छताला पिवळसर कड असलेला डाग पडतो आणि तो दर पावसात थोडा वाढतो.

ही लक्षणं एकसारखी दिसली तरी पाणी तीन वेगळ्या वाटांनी येत असतं. एक, खोलीतल्या हवेतून. दोन, बाहेरच्या पावसातून, म्हणजे भिंत, खिडकी, छप्पर किंवा जमिनीतून. तीन, घरातल्या नळातून आणि न्हाणीतून. कोणती वाट आहे हे कळल्याशिवाय पैसे खर्च करू नका. हवेतलं पाणी असताना बाहेरून वॉटरप्रूफिंग करून घेतलेली आणि न्हाणीची गळती असताना महागडं ओलावा-शोषक यंत्र आणलेली घरं मी वारंवार बघतो. दोन्हीकडे पैसे गेले आणि डाग राहिले.

पहिली तपासणी: सामान ओढून बघा (खर्च काही नाही)

कपाट, पलंग, टेबल, जे हलतं ते भिंतीपासून हातभर पुढे घ्या आणि मागे विजेरी मारा. डागाचा आकार नीट बघा, निम्मं उत्तर तिथंच मिळतं.

वेंगुर्ल्याकडच्या एका घरात काकींनी मला बोलावलं ते वासासाठी. "ह्यो कुबट वास खंयसून येता ता बघ मरे, सगळा पुसान झाला," म्हणाल्या. कपाट दोघांनी मिळून पुढे ओढलं. मागच्या भिंतीवर कपाटाच्या मापाचा काळा चौकोन उमटला होता, वरपासून खालपर्यंत. फक्त मधे बोटभर रुंदीची एक आडवी पट्टी पांढरीस्वच्छ होती. तिथं भिंतीवरून विजेची पट्टी गेली होती, तिच्यामुळे कपाट तेवढ्या उंचीला भिंतीपासून अर्धा-पाऊण इंच सुटलं होतं आणि त्या फटीतून वारा जात होता. कपाटाच्या पाठीच्या प्लायला पटाशीचं टोक लावलं तर वरचा थर चहात भिजलेल्या बिस्किटासारखा सुटून आला. आत तळाशी घडी करून ठेवलेल्या साडीची जर काळी पडली होती. त्या घरात गळती कुठेच नव्हती. वारा कोंडला होता एवढंच.

डाग सामानाच्या मागेच असेल आणि मोकळी भिंत कोरडी असेल, तर दोष बहुधा कोंडलेल्या हवेचा. सामान असो वा नसो, डाग तसाच असेल तर पाणी भिंतीतून येतंय. फिकट पांढरा थर असेल तर थोडी पूड बोटावर घेऊन पाण्याच्या थेंबात कालवा. विरघळली तर तो लोणा, म्हणजे भिंतीतला खार. न विरघळता बुळबुळीत झाली तर बुरशी. दोन्हींचे उपाय वेगळे आहेत.

दुसरी तपासणी: खोलीत पाणी कोण आणतंय (खर्च काही नाही)

पावसाळ्यात कपडे बेडरूममध्ये दोरीवर किंवा स्टँडवर पंख्याखाली वाळत घालायची सवय जवळजवळ प्रत्येक घरात आहे, आणि तिचं कारणही रास्त आहे, कारण दुसरी जागाच नसते. पण बादलीभर पिळलेल्या कपड्यांतून लिटर-दोन लिटर पाणी त्या खोलीच्या हवेत जातं. खात्री करायची असेल तर ओले कपडे आणि वाळलेले कपडे वजनकाट्यावर ठेवून बघा. रात्री दार-खिडकी बंद करून दोन माणसं झोपली तर त्यांच्या श्वासातून आणि घामातून सकाळपर्यंत आणखी पाव ते अर्धा लिटर पडतं. खोली लहान म्हणजे हवा कमी, तेव्हा तेवढं पाणी तिथं मोठ्या खोलीपेक्षा लवकर भिंतीला बसतं.

आठ दिवस कपडे पडवीत, जिन्याच्या माथ्यावर किंवा ओटीवर वाळवा. तिथं पाऊस झोडपत असेल तर ताडपत्री किंवा झावळ्यांची झड बांधा. बेडरूमचा पंखा दिवसाही हळू चालू ठेवा, आतलं दार उघडं ठेवा. एवढ्याने वास निम्म्याने कमी झाला तर तुमचं मुख्य कारण सापडलं, पुढच्या खर्चिक तपासण्यांची घाई नको.

खिडकी कधी उघडावी हे लोक नेहमी विचारतात. धो धो पावसात उघडून उपयोग नाही. पाऊस उघडला आणि बाहेर वारा सुटला की समोरासमोरची दारं-खिडक्या तासभर सताड उघडा. एकच खिडकी असेल तर खोलीचं दार उघडून समोरच्या खोलीची खिडकी उघडा, म्हणजे वाऱ्याला यायला आणि जायला वाट मिळते. दाराच्या वर झरोका असेल आणि तो पुठ्ठ्याने किंवा काचेने बंद केलेला असेल तर आजच मोकळा करा आणि डासांसाठी जाळी लावा.

तिसरी तपासणी: खिडकीची भोकं, छज्जा, पागोळ्या (खर्च नाममात्र)

ॲल्युमिनियमच्या सरकत्या खिडकीच्या खालच्या पन्हाळीत बाहेरच्या बाजूला बारीक चिरा किंवा भोकं असतात. पन्हाळीत आलेलं पावसाचं पाणी तिथून बाहेर पडावं म्हणून ती असतात. धूळ, रंग आणि मेलेल्या मुंग्यांनी ती बुजली की पाणी आतल्या बाजूला चढतं आणि खिडकीखालच्या भिंतीत मुरतं. खिडकीखालचा तिरपा डाग म्हणजे बहुतेक वेळा हाच प्रकार. जुना टूथब्रश आणि बारीक तार घेऊन भोकं मोकळी करा, मग तांब्याभर पाणी पन्हाळीत ओता. ते बाहेर पडताना दिसलं पाहिजे. सगळ्या तपासण्यांत कमी कष्टात जास्त गुण देणारी ही एक आहे.

मग बाहेर जाऊन छज्ज्याची खालची बाजू बघा. कडेजवळ लांबट खाच हवी. ती नसली किंवा सिमेंटने बुजली असली की पाणी छज्ज्याखालून सरपटत भिंतीपर्यंत येतं. आपल्याकडचा पाऊस नैऋत्येकडून येतो, त्यामुळे पश्चिम आणि दक्षिण बाजूच्या भिंतींना सगळ्यात जास्त मार बसतो. खोलीच्या या भिंती कोणत्या हे आत्ताच ठरवून ठेवा, पुढे कपाटाची जागा ठरवताना लागेल.

कौलारू घर असेल तर पागोळ्यांचं पाणी कुठं पडतं तेही बघा. ते भिंतीपासून हातभर अंतरावर फरशीवर पडत असेल तर उसळून जोत्यावर आणि भिंतीवर उडतं, आणि जांभ्याचा चिरा ते पितो. जांभा सच्छिद्र दगड आहे, पाणी धरतो आणि सावकाश सोडतो. पन्हाळ लावून पाणी लांब नेणं किंवा पागोळीखाली खडी पसरणं, दोन्ही स्वस्त उपाय आहेत. त्याच बाजूला भिंतीला टेकून मातीचा ढीग, कुंड्या किंवा लाकडं रचलेली असतील तर हलवा.

चौथी तपासणी: फॉइलचा तुकडा (वीस रुपयांच्या आत)

चपात्या गुंडाळायचा ॲल्युमिनियम फॉइल घ्या. संशयित भिंतीचा वीतभर चौकोन कोरड्या फडक्याने पुसून त्यावर फॉइल लावा आणि चारही कडा टेपने घट्ट बंद करा. भिंत फार ओली असेल तर टेप धरत नाही, तेव्हा आधी पंखा मारून पृष्ठभाग सुकवा. दोन दिवस हात लावू नका.

फॉइलच्या खोलीकडच्या बाजूला दव धरलं तर पाणी हवेतून येतंय. फॉइल काढल्यावर भिंतीकडची बाजू ओली निघाली तर पाणी भिंतीतून येतंय. दोन्ही बाजू ओल्या निघाल्या तर दोन्ही कारणं आहेत, आणि अशा वेळी आधी भिंतीतलं पाणी थांबवायचं. हीच चाचणी आतल्या एखाद्या भिंतीवरही करा, म्हणजे तुलना हाताशी राहते. मी मजुरीचा अंदाज देण्यापूर्वी ही चाचणी करायला लावतोच.

पाचवी तपासणी: आर्द्रतामापक आणि एसी

खोलीतली आर्द्रता दाखवणारं छोटं डिजिटल यंत्र काही शे रुपयांत मिळतं. भिंतीजवळ आणि कपाटाच्या आत, असं दोन्हीकडे ठेवून बघा. पृष्ठभागाजवळची आर्द्रता बराच काळ 80 टक्क्यांच्या वर राहिली की बुरशी धरतेच. पावसाळ्यात बाहेरच नव्वदच्या आसपास असते, तेव्हा आकडा खाली आणणं सोपं नसतं. पण कपाटाच्या आत खोलीपेक्षा जास्त आकडा दिसला तर कपाटाला वारा नाही हे पक्कं समजा.

एसी असलेल्या खोल्यांची गोष्ट थोडी निराळी आहे. हवा 27 अंश आणि आर्द्रता 90 टक्के असेल तर साधारण 25 अंशांपेक्षा गार असलेल्या कोणत्याही पृष्ठभागावर त्या हवेतलं पाणी धरतं. रात्रभर 20 वर एसी लावून गार केलेली खोली सकाळी उठल्या उठल्या खिडकी उघडून 'मोकळी' केली, की बाहेरची दमट हवा गार भिंतीवर, आरशावर आणि कपाटाच्या दारावर पाणी सोडते. म्हणून पावसाळ्यात तापमान 26 वर किंवा थोडं वर ठेवा, 'ड्राय' मोड असेल तर तो वापरा, आणि एसी बंद केल्यावर खोली थोडी गरम होऊ द्या, मग खिडकी उघडा. एसीच्या खोलीला लागून असलेली भिंत पलीकडच्या खोलीतून ओली होत असेल तर कारण हेच. एसीच्या पाण्याची नळी बाहेरच्या बाजूला उतरती आहे का, तिच्या तोंडाशी शेवाळ धरलंय का, हेही बघा.

कपाटात ठेवायला कॅल्शियम क्लोराइडचे डबे मिळतात. बंद कपाटात ते काम करतात, खोलीभर नाही. त्यात साठलेलं पाणी कपड्यांवर सांडलं तर डाग पडतो, म्हणून ते तळाशी, वाटीत ठेवा. कळीचा चुना ठेवायची जुनी पद्धत आहे, पण त्यावर पाणी पडलं तर तो उकळतो आणि भाजतं. लहान मुलं असलेल्या घरात नको.

सहावी तपासणी: फर्निचरची मांडणी

इथं मी जरा जास्त लिहिणार आहे, कारण दुरुस्ती आणि सजावट इथं एकाच ठिकाणी येतात, आणि नवीन बेडरूम करणाऱ्यांनी हे आधी वाचलं तर पुढचा खर्च टळतो.

जुन्या घरांतल्या झोपायच्या खोल्या आजच्यापेक्षा लहान होत्या. जाड चिऱ्याच्या भिंतीत कोनाडे, भिंतीला खुंट्या, अंथरुणं टाकायला वाशाला टांगलेली दांडी आणि पायांवर उभा असलेला फणसाच्या किंवा सागाच्या लाकडाचा पेटारा, एवढंच सामान. भिंतीला पाठ लावून बसलेलं काहीच नाही आणि वर कौलांखाली वाऱ्याला वाट. आज वापरायचे कपडे आणि वस्तू कितीतरी वाढल्या आहेत, तशी खोली आता कोणालाच पुरणार नाही. पण त्या मांडणीचं तत्त्व आजच्या फर्निचरमध्येही बसवता येतं.

*कपाट कुठं.* घराच्या आतल्या भिंतीला, म्हणजे दोन खोल्यांमधल्या भिंतीला. पश्चिम-दक्षिणेच्या बाहेरच्या भिंतीला कपाट लावायची वेळ आली तर मागे किमान तीन इंच फट सोडा. खाली चार-सहा इंचांचे पाय द्या आणि वर छतापासून फूटभर मोकळं ठेवा. हवा खालून शिरून वर निघाली पाहिजे. बाजूंनी आणि वरून पट्ट्या लावून फट झाकू नका. दिसायला बरी दिसावी म्हणून सुतार लावतात, पण तिथंच वारा अडतो. झाकायचीच असेल तर जाळीची पट्टी लावा.

*कपाटाच्या आत.* पाठीच्या प्लायला वर आणि खाली रुपयाएवढी चार-सहा भोकं पाडून आतून बारीक जाळी लावा. फळ्या पाठीपर्यंत न नेता इंचभर आधीच थांबवा, म्हणजे कपाटातही हवा वर-खाली फिरते. कपडे गच्च भरू नका. दारांना मधे जाळीदार फळ्या असतील तर फारच उत्तम.

*प्लाय.* एमआर (मॉइश्चर रेझिस्टंट) प्रतीचा साधा प्लाय किनाऱ्यावर टिकत नाही. आयएस 710 शिक्क्याचा मरीन प्लाय घ्या, निदान तळाला, पाठीला आणि पायांपाशी तरी. एमडीएफ आणि पार्टिकल बोर्ड (लाकडाचा भुसा दाबून केलेल्या फळ्या) ओल लागली की फुगतात आणि परत बसत नाहीत, मग त्यावर मायका कितीही चांगला असो. प्लाय कोणताही असला तरी कापलेल्या कडा उघड्या राहू देऊ नका, पाणी तिथूनच शिरतं. कारागिराला सांगून मागच्या आणि खालच्या न दिसणाऱ्या कडांनाही वॉर्निश किंवा रंग मारून घ्या. बिजागऱ्या आणि स्क्रू स्टेनलेस स्टीलचे घ्या. समुद्र दिसतो इतक्या जवळ घर असेल तर 304 प्रतीच्या स्टीलवरही गंजाचे ठिपके येतात, तिथं 316 प्रतीचं टिकतं.

*पलंग.* डब्याचा पलंग लहान खोलीत मोह पाडतो, पण जमिनीला टेकलेला डबा तळमजल्यावर मी कधीच सुचवत नाही. पायांवरचा पलंग घ्या आणि खाली चाकांच्या दोन-तीन उथळ पेट्या ठेवा. त्या ओढून काढता येतात, झाडता येतात आणि खालून वारा फिरतो. डब्याचा पलंग आधीच असेल तर तळाच्या आणि गादीखालच्या प्लायला भोकं पाडा, डबा निम्माच भरा, आणि पावसाळ्यात आठवड्यातून एकदा गादी उभी करून पंखा मारा. काथ्याची असो वा कापसाची, गादी ओल धरते.

जागेच्या दृष्टीनंही हे तोट्याचं नाही. पायांवरच्या फर्निचरखाली जमीन दिसत राहते, आणि जमीन भिंतीपर्यंत दिसली की खोली मोठी वाटते. पलंग सहा बाय सहाऐवजी सहा बाय पाच घेतला तर एका बाजूने चालायची वाट सुटते. दोन फुटांची वाट असावी, दीड फुटांत माणूस तिरका चालतो. कपाटाचं दार उघडायला जागा नसेल तर सरकतं दार किंवा साधा सुती पडदा. सुती पडद्याचं कपाट स्वस्त पडतं, त्याला वारा लागतो आणि पडदा धुता येतो. पाहुण्यांची खोली असेल तर मी हाच पर्याय आधी सांगतो.

*भिंतीवर काय लावू नये.* वॉलपेपर, चिकटवायचे फोमचे पत्रे, भिंतीला सरळ ठोकलेले पीव्हीसी पॅनेल. ओल लपते आणि मागे वाढत राहते. पत्रा निघेपर्यंत प्लॅस्टर पोकळ झालेलं असतं. फोटोच्या चौकटी लावायच्या तर मागच्या चार कोपऱ्यांना रबराचे छोटे गट्टू चिकटवा, म्हणजे चौकट भिंतीपासून सुटी राहते. आरसाही तसाच लावा, खिडकीच्या समोर किंवा बाजूच्या भिंतीवर. उजेड दुप्पट वाटतो आणि मागचा लेप टिकतो. जाड अस्तराचे पडदे पावसाळ्यापुरते काढून ठेवा.

*अडकणारी दारं.* पावसात लाकूड फुगतं आणि दार घासायला लागतं. लगेच रंधा मारून घेऊ नका. डिसेंबरात लाकूड परत बसतं आणि तुम्हाला फट मिळते. सध्या घासणाऱ्या कडेवर मेणबत्ती घासा. दिवाळीनंतर दाराची वरची आणि खालची कड तपासा. तिथं रंग नसेल तर तिथूनच पाणी शिरतंय. दोन हात रंग मारा, पुढच्या वर्षी दार अडकणार नाही.

बुरशी पुसताना

कोरडा ब्रश मारू नका, बुरशीची पूड हवेत उडते. मास्क आणि हातमोजे घाला, खिडकी उघडा, साबणाच्या पाण्याने ओल्या फडक्यात पुसून घ्या. रंगवलेल्या भिंतीवर डाग राहिला तर एक भाग ब्लीच आणि दहा भाग पाणी असं मिश्रण लावून दहा मिनिटांनी पुसा. ब्लीचमध्ये संडास धुवायचं ॲसिड किंवा अमोनिया असलेला काच-क्लीनर कधीही मिसळू नका, विषारी वायू होतो. घरात दम्याचं माणूस किंवा तान्हं बाळ असेल तर त्यांना त्या दिवशी दुसऱ्या खोलीत झोपवा. बुरशी न पुसता वर रंग मारला तर ती काही महिन्यांत रंगातून वर येते, रंग कितीही भारीचा असो.

सातवी तपासणी: भिंतीतला खार आणि रंगाची वेळ

फॉइल भिंतीकडून ओलं निघालं आणि पूड पाण्यात विरघळली, तर प्लॅस्टरमध्ये खार आहे. खाडीची वाळू नीट न धुता वापरली की मीठ प्लॅस्टरमध्ये राहतं आणि दमट हवेतून स्वतःच पाणी ओढतं. अशा भिंतीवर पुट्टीवर पुट्टी चढवून काही होत नाही. सुटलेला भाग खरवडून काढावा लागतो, भिंत पूर्ण सुकू द्यावी लागते आणि खार जास्त असेल तर तेवढं प्लॅस्टर काढून नव्याने करावं लागतं. चिपळूणला 22 जुलै 2021 च्या पुरात ज्या तळमजल्यांत पाणी शिरलं, तिथं वरून कोरड्या दिसलेल्या भिंतींवर घाईने पुट्टी मारली गेली आणि बऱ्याच ठिकाणी ती पुढच्याच पावसात सुटली. जाड भिंत आतून सुकायला कित्येक महिने लागतात.

मुंबईचे चाकरमानी गणपतीला येणार म्हणून ऐन श्रावणात बेडरूम रंगवून घ्यायची पद्धत आहे. त्यामागची हौस मला कळते, पण ओल्या भिंतीवर मारलेला रंग आतलं पाणी कोंडतो आणि फुगे धरतो. गणपतीला भिंत पुसून स्वच्छ करा, पडदे-चादरी बदला, दिवा चांगला लावा. रंगाचं काम दिवाळीनंतर ते मे महिन्याच्या मध्यापर्यंत घ्या. पीओपी टाळा, सिमेंटची पुट्टी वापरा. जुन्या चिऱ्याच्या भिंतीला चुन्याची सफेदी अजूनही सगळ्यात चांगली. तिच्यातून भिंतीतली वाफ बाहेर पडते, आणि चुना अल्कधर्मी असल्यामुळे बुरशी सहज धरत नाही.

आठवी तपासणी: न्हाणीची भिंत

ओला भाग न्हाणीला किंवा संडासाला लागून असेल आणि तो डिसेंबर-जानेवारीतही ओला राहत असेल, तर पाऊस दोषी नाही. दोन-तीन दिवस ती न्हाणी वापरू नका, डाग फिका पडतो का बघा. घरातले सगळे नळ बंद करून पाण्याच्या मीटरचा काटा फिरतोय का ते बघा. काटा फिरत असेल तर दाबाच्या नळीत गळती आहे. तो स्थिर असेल पण न्हाणी वापरल्यावर डाग वाढत असेल, तर फरशीच्या सांध्यातून किंवा सांडपाण्याच्या नळीतून पाणी मुरतंय. सांधे भरून घेणं घरी जमतं. त्याने भागलं नाही तर फरशी उकरायचं काम प्लंबरचं.

नववी तपासणी: वरून येणारं पाणी

कौलारू घरात माकडांनी सरकवलेलं किंवा तडकलेलं एक कौल संपूर्ण खोली ओली करतं. पावसाआधी शाकारणी, म्हणजे कौलं नीट बसवून फुटकी बदलायचं काम, करून घ्या. खाली पीओपीचं सीलिंग असेल तर गळती दिसतच नाही आणि एक दिवस सीलिंग खाली येतं, म्हणून कौलांखाली बंद सीलिंग लावणं टाळावं. ओल्या कौलांवर स्वतः चढू नका. शेवाळाने पाय घसरतो आणि जुने वासे आतून पोखरलेले असू शकतात.

स्लॅब असेल तर गच्चीवर पाणी साचतं का, पाणी जायचं तोंड पानांनी बुजलंय का, एवढं तुम्ही बघा. त्यापुढचं काम तुमचं नाही.

इथं थांबा आणि माणूस बोलवा

ओल्या भिंतीवरचा स्विचबोर्ड झिणझिणत असेल, ओल्या भिंतीला हात लावल्यावर मुंग्या येत असतील किंवा विजेच्या गळतीपासून वाचवणारा स्विच वारंवार पडत असेल, तर त्या खोलीची वीज मुख्य स्विचवरून बंद करा आणि इलेक्ट्रिशियन बोलवा. त्याआधी भिंतीला पाणी, ब्लीच, ब्रश काहीही लावू नका. पडणारा स्विच काढून टाकून काम चालवू नका, तो तुमचा जीव वाचवतोय.

स्लॅबचा खालचा थर पडतोय, सळ्या उघड्या पडून गंजल्या आहेत किंवा सळईच्या रेषेत तडे गेलेत, तर स्ट्रक्चरल इंजिनिअरला दाखवा. समुद्राकाठच्या खाऱ्या हवेत गंज वेगाने वाढतो, आणि गंजलेली सळई फुगून काँक्रीट फोडते. वर प्लॅस्टर मारून देणाऱ्याला ते काम देऊ नका. दाखवून होईपर्यंत त्या खोलीत झोपू नका.

भिंतीवर मातीच्या बारीक नळ्या, चौकटीवर टकटक केल्यावर पोकळ आवाज, पहिल्या पावसानंतर खिडकीपाशी गळून पडलेले पंख: ही वाळवी. नळ्या झाडून टाकल्या तर ती दुसरीकडून येते. जमिनीत औषध सोडणं परवानाधारक पेस्ट कंट्रोलवाल्याचं काम आहे.

छतावर जुने सिमेंटचे पत्रे असतील तर ते कापणं, घासणं, भोकं पाडणं घरी करू नका, त्यात ॲस्बेस्टॉस असू शकतं. आणि खोली दुरुस्त झाल्यावरही कोणाचा खोकला किंवा धाप थांबत नसेल तर डॉक्टरांकडे जा.

कोणालाही बोलावताना हातात तीन गोष्टी ठेवा: डागाचे पावसातले आणि उघडिपीतले फोटो, फॉइलच्या चाचणीत कोणती बाजू ओली निघाली ते, आणि न्हाणी बंद ठेवल्यावर डागात काय फरक पडला ते. ही माहिती ऐकूनही कोणी भिंतीला हात न लावता थेट केमिकल कोटिंगचा दर सांगायला लागला, तर दुसरा माणूस शोधा.